खाऱ्या बोअरचा साबण

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. माहेरी, घाटनांदूरला, आईनं यापायी मला फुंकणीनं फोडून काढलं होतं. पण मार खाऊन हात मऊ होतो असं थोडंच आहे? उलट तो शिकतो. दुष्काळाच्या त्या वर्षी टँकरवर मी एका बाईच्या तोंडावर कळशी हाणली. तिचा पुढचा दात पडला आणि माझ्या कळशीला पोचा आला. घरी आल्यावर मला वाईट वाटलं ते पोच्याचं. तेव्हाची मी कशी होते ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे झालं ते कुणाच्या नशिबानं झालं नाही, माझ्या हातानं झालं.

आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडं. आड, विहिरी सगळ्या कोरड्या पडल्या होत्या. टँकर दोन दिवसाआड यायचा आणि वळणावर त्याची धूळ दिसली की माणसं पाइपावर तुटून पडायची. केस उपटले जायचे, बांगड्या फुटायच्या, म्हाताऱ्या चिखलात लोळायच्या. शाळेमागं पंचायतीचा एक बोअर होता, त्याला पाणी होतं, पण खारट-कडू. जनावर तोंड लावायचं आणि मान झटकायचं. त्या पाण्यात साबण लावला की फेस येण्याऐवजी तो फाटलेल्या दुधासारखा व्हायचा आणि अंगावर पांढरा थर बसायचा. पोरांच्या डोक्यात फोड, बायकांच्या काखेत चिरा. सगळं गाव खाजवत होतं आणि एकमेकांवर भुंकत होतं. माणूस उपासानं चिडत नाही तेवढा खाजेनं चिडतो.

गावात बायकांची एक सहकारी संस्था होती. म्हणजे कागदावर बायकांची. अध्यक्षबाई एका पुढाऱ्याची मंडळी. सह्या त्या करायच्या आणि बाकी सगळं पुढारी करायचा. त्या संस्थेत साबण शिकवायला तालुक्याहून एक बाई आल्या. अंगानं काडी, पण आवाज फौजदाराचा. त्या म्हणाल्या, "ज्या पाण्यावर तुमची मारामारी होत नाही, त्याच पाण्याचा साबण करू." खाऱ्या पाण्यात आणखी मापानं मीठ विरघळवायचं, त्यात कॉस्टिक सोडा, आणि मग ते तेलात घोटायचं. वडी दगडासारखी कडक होते, लवकर झिजत नाही आणि खाऱ्या पाण्यातही फेस देते. आम्ही हसलो. पण त्यांनी आपल्या पिशवीतली एक वडी काढली, बोअरच्या पाण्यानं माझे हात ओले केले आणि चोळली. मनगटापर्यंत फेस आला. तसा फेस मी वर्षभर पाहिला नव्हता.

बाईंनी सांगितलं की ज्या बाईचे तीन घाणे, म्हणजे तीन वेळचे साबण, नीट उतरतील तिला संस्थेच्या साबणखोलीचं काम मिळेल, बाराही महिने. ते ऐकताना माझा हात पोटावर गेला. कारण मला चौथा महिना होता.

इथं आमच्या घरचा रिवाज सांगायला हवा. दोन भाऊ, दोघांच्या दोन बायका, आणि सासू. सासरे मी यायच्या आधीच वारलेले. शेतात काही पिको न पिको, दसरा झाला की घरातला एक कोयता ऊसतोडीला जायचाच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस टोळीत घेत नाहीत. दुसरी जोडी घर, म्हातारी आणि जनावरं बघायला मागं राहायची. धाकट्या जावेला लागोपाठ दोन पोरं झाली, म्हणून ती राहायची. मला मूल नव्हतं, म्हणून मी जायची. आणि मी जायची म्हणूनच मला मूल नव्हतं, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा माझं उसाच्या फडातच गेलं होतं. एकदा डोक्यावर मोळी असताना. एकदा ट्रकला लावलेल्या फळीवरून पाय घसरला तेव्हा. पाचटावर रक्त सांडलं होतं आणि मुकादम लांबूनच ओरडला होता, "बाजूला बसवा तिला, गाडी भरायची हाय." त्या माणसाच्या पायावर कोयता मारायचा मी विचार केला होता. उठता आलं नाही म्हणून तो वाचला.

तेव्हा तिसऱ्यांदा दिवस राहिल्यावर मी ठरवलं की यंदा फडात पाय ठेवायचा नाही, मग घरात खून पडला तरी चालेल. सासू आणि दोघे भाऊ बसले आणि निवाडा झाला. मला साबणखोलीचं काम मिळालं तर मी राहायचं आणि धाकटीचा कोयता जायचा. नाही मिळालं तर दरसालप्रमाणे मी. धाकटी दाराशी उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आतून पेटली असणार. मी असते तर पेटले असते.

जनावरं चारा छावणीवर गेली होती आणि त्यांच्यासोबत दोघे भाऊ. गोठा रिकामा होता, तिथं मी साबणाला बसले.

पहिला घाणा मी आमच्या घरच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात केला. बाईंनी सांगितलं होतं की जर्मन वापरू नका, पण घरात तेवढं मोठं भांडं तेच. कॉस्टिक आत पडलं आणि पातेलं फुसफुसायला लागलं, काळा फेस वर आला, आणि बघता बघता बुडाला भोक. माझ्या लग्नातलं पातेलं. मी ते अंगणात भिरकावलं, ते कोंबडीला लागलं आणि कोंबडी मेली. त्या रात्री आम्ही कोंबडी खाल्ली. दुसरा घाणा स्टीलच्या बादलीत, पण तेल करडीचं. वडी मऊ लिबलिबीत राहिली आणि खाऱ्या पाण्यात फेसाचं नाव नाही. बाई म्हणाल्या, मिठापुढं करडीचं तेल टिकत नाही, खोबरेलच पाहिजे. तिसऱ्यात मी घाईनं कॉस्टिक आधी टाकलं आणि मीठ नंतर. मीठ विरघळेचना, तळाशी खडे खडे. चौथा दिसायला नामी उतरला, पण मी साध्या साबणासारखा दुसऱ्या दिवशी कापायला घेतला, आणि सुरी टेकताच त्याचे विटेसारखे तुकडे उडाले. एक तुकडा माझ्या भुवईत बसला. त्याचा वण अजून आहे. मिठाचा साबण त्याच संध्याकाळी, कोमट असतानाच कापायचा असतो, हे मी रक्त पुसत पुसत शिकले.

यानंतर दोन घाणे नीट उतरले. पांढरे, गुळगुळीत, कडांना धार. बाईंनी ते नखानं कोरून पाहिले आणि वहीत खूण केली. एकच राहिला. दसऱ्याला अजून महिना होता. मी त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोपले.

आणि मग साबण बिघडायला लागला. मी काहीही बदललं नव्हतं. तेच तेल, तेच माप, तोच क्रम. तरी घोटता घोटता मध्येच तो पिठल्यासारखा गच्च व्हायचा, गुठळ्या व्हायच्या. साच्यात दाबून बसवला तर वर खारट पाण्याचे थेंब सुटायचे, आणि कापताना भुगा. बाईंनी भुगा जिभेला लावला आणि म्हणाल्या, "मीठ जास्त पडतंय." मी म्हणाले, "न्हाई." त्या म्हणाल्या, "पडतंय." मी अंगावर गेले असते, पण साबणखोली त्यांच्या हातात होती.

मीठ जास्त पडणं शक्यच नव्हतं. खडेमीठ मी संस्थेत बसून कुटायची, तिथल्याच तराजूवर तोलायची आणि चिनी मातीच्या बरणीत भरून आणायची. एक बरणी, एक घाणा. बरणी गोठ्यात ठेवली तर शेजाऱ्याची शेळी येऊन चाटायची, म्हणून ती रात्री घरात, चुलीमागच्या कोनाड्यात असायची. सकाळी तीच घेऊन गोठ्यात जायचं आणि पाण्यात ओतायची. जिभेवर घेऊन बघायचं म्हटलं तर त्या बोअरचं पाणी मुळातच कडूजार. रोज त्याच पाण्यानं चूळ भरणाऱ्याला थोडं कमी-जास्त काय कळणार?

एकामागून एक तीन घाणे भुगा झाले. दसरा पंधरा दिवसांवर आला. टोळीचा मुकादम घरी चहा पिऊन गेला आणि जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "कोयत्याला धार लावून ठेवा, वैनी." मी त्याला कपबशी फेकून मारली. कप भिंतीला लागला आणि सासूनं मला दिवसभर शिव्या घातल्या.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. साबण नीट झाला तर फडात कोण जाणार? धाकटी. साबण बिघडला तर कोण राहणार? धाकटी. घरात दिवसभर कोण असतं? धाकटी. एकदा असं जुळलं की मग सगळंच जुळत गेलं. तिचं कमी बोलणं, माझ्याकडं न बघणं, मी गोठ्यातून आले की तिचं चुलीपाशी गडबडणं. दरसाल फडावरून यायचे तेव्हा तिच्या मांडीवरचं पोर आणि माझे पाचटानं चिरलेले हात शेजारी शेजारी दिसायचे, आणि मला राग यायचा. तो सगळ्या वर्षांचा राग मी तिच्या नावावर जमा करायला लागले.

त्या सकाळी मी दोन घाणे करायचं ठरवलं होतं. एक बिघडला तर दुसरा असावा. पहिल्याच्या मिठाच्या पाण्यात कॉस्टिक टाकून बादली निवायला ठेवली. कॉस्टिक पडलं की पाणी स्वतःच तापतं, चुलीवर ठेवल्यासारखं, आणि त्याची वाफ घशात चावते. ती वाफ चुकवत मी दुसरी बरणी आणायला घरात गेले.

धाकटी कोनाड्यापाशी उभी होती. बरणीचं फडकं सुटलेलं होतं आणि तिची मूठ बरणीच्या तोंडाशी होती. मुठीतून मीठ गळत होतं.

मी तिला काही विचारलं नाही. तिची वेणी हाताला एक वेढा घेऊन धरली आणि ओढत अंगणातून गोठ्याकडं नेली. ती "आक्का, ऐका, आक्का" करत होती. मी तिच्या तोंडावर मारलं. मग परत मारलं. गोठ्यात माझ्या बिघडलेल्या साबणाचा ढीग होता, त्यात तिचं तोंड खुपसलं आणि म्हणाले, "खा. तूच केलास, तूच खा. माझं तिसरं मूल खातेस व्हय गं?" तिनं मान सोडवून घेतली आणि ती मागं सरकली. मी तिला दोन्ही हातांनी ढकललं.

तिचा पाय भुग्यावरून घसरला. तोल सावरायला तिनं हात मागं टेकला. तो हात बादलीत गेला, मनगटापर्यंत.

ती पहिल्यांदा ओरडलीच नाही. हात बाहेर काढला आणि त्याच्याकडं बघत बसली. कातडी साबणासारखी बुळबुळीत दिसत होती. खरं सांगायचं तर तो साबणच होत होता. मग तिनं जी किंकाळी फोडली ती मी अजूनही कधीमधी भांडी घासताना ऐकते.

साबणाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की कॉस्टिक अंगावर पडलं तर पाणी, पाणी आणि पाणी. लिंबू नको, हळद नको, तूप नको. अर्धा तास नुसतं पाणी ओतायचं. तेव्हा एक म्हातारी म्हणाली होती, "बाई, अर्धा तास वतायला पाणी असतं तर आमी हितं कशाला बसलो असतो?" सगळ्या खो खो हसल्या होत्या.

घरात पिण्याच्या पाण्याचा एक ड्रम होता, आदल्या दिवशीच्या टँकरचा. अजून दोन दिवस तो पुरवायचा होता. मी तिला ओढत ड्रमपाशी नेलं आणि तांब्यानं ओतायला सुरुवात केली. सासू धावत आली आणि तुपाची वाटी पुढं करायला लागली. मी ती उडवली. शेजारच्या बायका जमल्या. एकीनं पाणी वाहताना बघून कपाळाला हात लावला. हात भाजलेला नंतर बघितला, पाणी आधी बघितलं. तिला तरी काय बोलू, कळशीच्या पोच्याचं मीच सांगितलंय.

तेवढ्यात माझा दीर छावणीवरून भाकरी न्यायला आला. दारातूनच ओरडला, "पाणी कावून सांडता, वैनी? डोकं फिरलं काय?" मग त्यानं बायकोचा हात बघितला. मग माझं तोंड बघितलं. त्याला सगळं कळलं. त्यानं माझ्या पाठीत लाथ घातली. मी एका हातानं पोट धरलं आणि दुसऱ्या हातानं ओतत राहिले. त्यानं दुसरी घातली. मी ओतत राहिले. तिसऱ्या लाथेला त्यानं पाय उचलला तेव्हा धाकटी दातावर दात धरून म्हणाली, "त्यांना मारू नका. त्यांना दिवस हायेत. माझाच पाय सरकला."

ड्रम बुडापर्यंत रिकामा झाला. मग तिला माजलगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलं म्हणून बोटं राहिली, नाहीतर कापावी लागली असती. माझा दीर माझ्याकडं बघत होता. मी खाली बघत होते. पोटात दुखत होतं आणि मला वाटत होतं की हेही जाणार, आणि गेलं तर बरोबरच आहे.

मूल गेलं नाही. पण ते मला पुढं कळलं.

संध्याकाळी घरी येऊन मी धाकटीची साडी बोअरच्या पाण्यात भिजवायला घेतली. पदराच्या टोकाला काहीतरी कडक लागलं. गाठ होती. सोडली तर आत मीठ, कुटलेलं, माझ्याच बरणीतलं, भिजून गोळा झालेलं. दीड मूठ तरी असेल. मी तिथंच दगडावर बसले. बरणीत मीठ घालणारी बाई पदरात मीठ कशाला बांधेल?

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे मी चुलीपाशी होते. सासू उठली, खाऱ्या पाण्यानं हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला आणि कोनाड्याकडं आली. तिला डोळ्यांना कमीच दिसायचं, मी बसलेली तिला दिसले नाही. तिनं चाचपत कोपऱ्यातल्या पोत्यातून घरातल्या मिठाच्या मडक्यात एक ओंजळ मीठ टाकलं. मग शेजारच्या, माझ्या बरणीचं फडकं सोडलं आणि त्यातही एक ओंजळ. वरून हात फिरवून सारखं केलं आणि फडकं पुन्हा नीट बांधलं.

मिठाचं भांडं उणं ठेवू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मीठ संपलं की घर संपतं. मीठ कुणाच्या हातावर देऊ नये, भांडण लागतं. खाली ठेवावं, दुसऱ्यानं उचलून घ्यावं. सासू हे सगळं पाळायची, आणि दुष्काळात जास्तच. ज्वारीची कणगी भरणं तिच्या हातात नव्हतं, हौद भरणं नव्हतं. मीठ तेवढं स्वस्त होतं, ते भरणं तिच्या हातात होतं. दुष्काळ जसा वाढला तशी चिमटीची मूठ झाली आणि मुठीची ओंजळ. माझे दोन चांगले घाणे उतरले तेव्हा मी मीठ आणून त्याच दिवशी वापरलं होतं, बरणी रात्री घरात राहिलीच नव्हती. एवढं साधं मला दिसलं नाही.

मी म्हणाले, "आत्याबाई, माझ्या बरणीत कावून मीठ घालता?"

ती दचकली. मग म्हणाली, "उणी होती की. उणी बरणी घरात ठिऊ नी. धाकटी बी सांगत होती, नका घालू, नका घालू. म्या ऐकते व्हय तिचं?"

माझा हात उचलला गेला. खरंच उचलला गेला. समोर सुकलेल्या शेंगेएवढी म्हातारी, देवळातल्यासारखी हात जोडून उभी, तिला कळतही नव्हतं मी काय करतेय. हात खाली आला. त्याचं श्रेय मला नको. अंगात जोरच उरला नव्हता.

दवाखान्यात गेले तेव्हा धाकटीचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "तू मला सांगितलं कावून न्हाईस?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी म्हातारीला मारलं असतं."

मारलं असतंच. म्हणून ती रोज सकाळी म्हातारीची ओंजळ मोजून परत काढायची आणि मीठ पोत्यात नेऊन टाकायची. कधी जमायचं, कधी मी आधीच बरणी घेऊन जायची. आणि साबण नीट झाला की आपल्याला फडात जावं लागणार, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. ती रोज मूठमूठ करून स्वतःचा फड जवळ आणत होती.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मी राहिलेला तिसरा घाणा केला. मीठ संस्थेतून आणलं आणि बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. आधी मीठ विरघळवलं, मग कॉस्टिक, मग खोबरेल. संध्याकाळी कोमट असताना कापला. सुरी लोण्यातून जावी तशी गेली. साबणाच्या बाईंनी वहीत तिसरी खूण केली आणि म्हणाल्या, "झालं की हो तुमचं काम." मी तिथंच ढसाढसा रडले. त्यांना वाटलं आनंदानं.

घरी येऊन मी सांगितलं की मी जाते, साबणखोली धाकटीला द्या. दीर म्हणाला, "आता आली व्हय अक्कल?" दवाखान्यातून घरी आलेली धाकटी मधेच बोलली. मला ते वाक्य तसंच्या तसं आठवतं. "एका हातानं साबण कसा कापू? मोळी बांधायला दीड हात बी पुरतो. आन् तुमी पोट घिऊन फडात गेलात, तर म्या मीठ काढलं कशाला?"

ती गेली. हाताला फडकं गुंडाळून, उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, डाव्या हातानं ट्रकच्या फळीला धरून चढली. तिचा नवरा तोडणार आणि ती मोळ्या बांधणार. पोरं तिनं माझ्याजवळ ठेवली. ट्रक हलला तेव्हा धाकटं पोर माझ्या हाताला कडकडून चावलं. मी त्याला मारलं नाही. चावू दिलं.

त्या हिवाळ्यात मी साबण करत राहिले. खाऱ्या पाण्याचा साबण गावानं वापरला, छावणीवाल्यांनी वापरला, आणि ज्या बाईचा दात मी पाडला होता ती एकदा दारात येऊन दोन वड्या घेऊन गेली. हसली तेव्हा पडलेल्या दाताची खिडकी दिसली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मर तिकडं," आणि गेली. माघात मला मुलगी झाली, जिवंत, रडकी, लालबुंद. तिला पहिली अंघोळ घालताना मी तांब्या दोनदा सांडला, तेव्हा सुईणीनं मला बाजूला बसवलं.

चैत्रात टोळी परत आली. धाकटी वाळून काळी पडली होती. आल्या आल्या तिनं माझी मुलगी घेतली, डाव्या हातानं. उजव्या तळव्याची कातडी ताणलेली आणि चकचकीत होती, गुलाबी. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट कायमचं आत वळलेलं. "फडात लई थंडी व्हती," एवढंच ती म्हणाली. तिथं काय झालं, किती झालं, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मला ठाऊकच होतं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून गोठ्यात आली आणि म्हणाली, घाणा दोघी मिळून करू. मी तेल तापवत होते. मिठाची वेळ झाली तशी मी रिवाजाप्रमाणे बरणी खाली जमिनीवर ठेवली, तिनं उचलून घ्यावी म्हणून. ती वाकली. वळलेल्या बोटांनी बरणी धरता येईना. दोनदा निसटली. मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

दारात सासू बसली होती, कान मात्र इकडंच. म्हणाली, "मीठ हातावर दिऊ नका गं बायांनो. भांडण व्हतं."

धाकटीनं तो तळवा माझ्यापुढं धरला. "हातावरच द्या, आक्का," ती म्हणाली. "भांडण व्हायचं ते होऊन गेलंय."

मी बरणीतून मूठभर मीठ काढलं आणि तिच्या चकचकीत तळव्यावर ठेवलं. तिनं ते जरा वर-खाली करून अंदाज घेतला, डाव्या हातानं एक चिमूट उचलून माझ्या हातावर परत ठेवली आणि म्हणाली, "एवढं जास्त हाय."